माथ्यावरचे मळसूत्र

शिवणयंत्र बिघडले असता घरातील माणसे प्रथम ज्या अवयवावर संशय घेतात, तो अवयव बहुधा निरपराध असतो, असे माझे दीर्घ अवलोकनाअंती बनलेले मत आहे. सुईच्या किंचित वर, दोन चकत्यांच्या मध्ये दोरा धरून ठेवणारी आणि पुढे एक फिरकी मिरविणारी जी रचना असते, तिला धंद्यातील शिंप्यापासून शाळकरी मुलीपर्यंत सर्व जण ‘टेन्शन’ म्हणतात. आणि टाका सैल पडला, गुंतला, सुटला किंवा नुसताच कुरूप दिसला, तरी त्या साऱ्या अपराधांची फिर्याद याच एका फिरकीच्या नावे दाखल होते. ती हाताशी असते, चकचकीत असते, फिरविली असता आपण काहीतरी केले असे समाधान देते, आणि तिच्यावर आकडे कोरलेले असल्यास ते काहीतरी शास्त्रीय होते असाही भास होतो. त्याच यंत्राच्या माथ्यावर, डाव्या टोकास, दातेरी कडेचे एक दुसरे मळसूत्र असते. त्याच्याविषयी घरात चौकशी केली, तर ‘ते आधीपासूनच आहे’ यापलीकडे माहिती मिळत नाही. वर्षातून एकदा, खंडेनवमीस, त्यावर हळदकुंकू वाहिले जाते. उरलेले वर्षभर त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही.

वस्तुतः कापडावरील सारा अंमल या मळसूत्राच्या हुकमाने चालतो. त्याच्या खाली, यंत्राच्या मुंडीच्या पोकळीत, एक उभी दांडी असते. तिच्या भोवती पोलादी तारेची स्प्रिंग, आणि दांडीच्या खालच्या टोकास तो दुभंगलेला पाय, ज्यास दुकानदार ‘प्रेशर फूट’ आणि गृहिणी नुसते ‘फूट’ म्हणतात. मळसूत्र उजवीकडे फिरवून खाली उतरविले की स्प्रिंग आवळते आणि पाय कापडावर अधिक जोराने टेकतो. डावीकडे फिरविले की दाब हलका होतो. पायाच्या खाली पत्र्याच्या खाचांतून दाते वर येतात, कापड मागे सरकवितात, खाली बुडतात आणि पुन्हा पूर्वस्थळी येतात; ही चार पावलांची चाल ॲलन विल्सन नावाच्या अमेरिकन कारागिराने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बसविली, आणि आजही जगातील बहुतेक कापड त्याच चालीने सुईखालून जाते. दात्यांनी कापड ओढावे आणि पायाने ते दात्यांच्या स्वाधीन ठेवावे, अशी ही कामाची वाटणी आहे. हा दाब कसा असावा, हे ज्यास नेमके समजून घ्यावयाचे असेल त्याने जुन्या वळणाच्या न्हाव्याचा डावा हात आठवावा: तो गिऱ्हाइकाच्या टाळूवर अशा बेताने ठेवलेला असतो की डोके आपण होऊन हलू नये, परंतु न्हाव्याने वळवू म्हटले की विनातक्रार वळावे.

दाब कमी पडला, तर सुई वर येताना कापडही तिच्याबरोबर उचलले जाते; त्यामुळे दोऱ्याचा जो फास खालच्या शटलच्या टोकाने पकडावयाचा, तो बनतच नाही आणि टाका सुटतो. दाते आपले कर्तव्य बजावीत फिरत राहतात, पण कापड कधी चालते, कधी तहकूब होते, आणि एकाच शिवणीत मोहरीएवढे व गव्हाएवढे टाके शेजारी शेजारी नांदू लागतात. दाब अधिक झाला, तर मलमलीवर दात्यांचे ठसे उमटतात, मखमलीची लव चेपते, आणि दोन पदर एकत्र शिवावयाचे असल्यास खालचा पदर दात्यांबरोबर पुढे निघून जातो, वरचा पायाखाली रेंगाळतो, आणि शिवण संपते तेव्हा वरच्या पदराचा बोटभर तुकडा शिल्लक उरतो. हा शिल्लक तुकडा कात्रीने कापून टाकणे, ही आपल्याकडील सर्वमान्य दुरुस्ती होय. पाय खाली टाकावयाचाच विसरून शिवणे, हा याहून प्राथमिक अपराध; पाय वर असता टेन्शनच्या चकत्याही उघड्या राहतात, कापडाच्या पोटाशी दोऱ्याचे जंजाळ होते, आणि ‘टेन्शन बिघडले’ असा निकाल देऊन फिरकी आणखी दोन आटे आवळली जाते.

आता हे सर्व ज्या यंत्राच्या निमित्ताने मला चिंतावे लागले, त्याकडे वळतो. ते यंत्र माझ्या आत्यांचे असून त्यांचा निवास तळेगाव दाभाडे येथे, स्टेशनच्या बाजूस आहे. हे गाव यंत्रोद्योगास अपरिचित नाही. लोकांकडून एकेक पैसा गोळा करून देशी धंदे उभारावेत, ही अंताजी दामोदर काळे यांची कल्पना लोकमान्य टिळकांनी उचलून धरली आणि त्या पैसा फंडातून १९०८ साली येथे काचेचा कारखाना निघाला, ही हकीकत येथील वयस्क मनुष्य पाहुण्यास चहा येण्यापूर्वीच सांगून टाकतो. स्वदेशीच्या त्या भरात विलायती कापडाच्या होळ्या झाल्या. परंतु देशी कापडाचे सदरे ज्या यंत्रांवर शिवले जात, त्यांत स्कॉटलंडातील क्लाइडबँकच्या सिंगर कारखान्यातून आलेली यंत्रे थोडी नव्हती, आणि त्यांचीही होळी करावी असे कोणास सुचल्याचे माझ्या ऐकिवात नाही. पुढे १९२४ साली खुद्द गांधीजींस यंत्रविरोधाबद्दल छेडले गेले, तेव्हा त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्रास अपवाद केला. पत्नीचे हाताने शिवण्याचे कष्ट पाहवेनात म्हणून सिंगरने ते घडविले, सबब त्याच्या मुळाशी प्रेम आहे, असा त्यांचा अभिप्राय पडला. आयझॅक सिंगरच्या गृहस्थाश्रमाचा विस्तार एकाहून अधिक संसार आणि वीसहून अधिक अपत्ये इतका असल्यामुळे, नेमक्या कोणत्या पत्नीचे कष्ट, हा प्रश्न चिकित्सकास पडतो खरा. पण महात्म्यांना असले प्रश्न विचारू नयेत.

आत्यांचे यंत्र सिंगरचे की उषाचे, हा मात्र आमच्या घराण्यातील अनिर्णित खटला आहे. त्यावरील सोनेरी अक्षरे मनगटाच्या घर्षणाने आणि फडक्याच्या भक्तीने पुसली जाऊन इंग्रजी ‘एस’ हे एकच अक्षर अंधूक शिल्लक उरले आहे. सासरची मंडळी ते सिंगरचे आद्याक्षर मानतात आणि यंत्र थोरल्या मामंजींनी हप्त्यांनी घेतले असे सांगतात. माहेरची मंडळी ते उषाच्या मध्यातील अक्षर मानतात आणि यंत्र कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंगचे असून लग्नात आम्ही दिले असे सांगतात. त्या अक्षराच्या मागेपुढे सोन्याचा कणही उरलेला नसल्याने दोन्ही पक्षांची वहिवाट अबाधित आहे. आत्या स्वतः या वादात तटस्थ राहतात. कारण यंत्र कोणाचेही असले तरी ताबा त्यांचा आहे. ज्या गावी उमाबाई दाभाडे यांनी यजमानांच्या आणि पुत्राच्या पश्चात सेनापतिपदाचा कारभार पाहिला, त्या गावी एखाद्या वृद्धेने शिवणयंत्राचा ताबा सोडू नये, यात नवल नाही.

बिघाडाची पहिली वर्दी अशी आली की यंत्र गोधडीवर टाके सोडते. येथे हे नमूद केले पाहिजे की आत्या एकाच यंत्रावर सकाळी पणतवंडाचे मलमलीचे झबले आणि दुपारी जुन्या जीन पँटींची चौपदरी पायपुसणी शिवतात, आणि यंत्राने या दोन्ही कार्यांत समबुद्धीने वागावे अशी त्यांची अपेक्षा असते. वर्दी मिळताच सल्लागार जमले. जावईबापूंनी टेन्शन आवळले. शेजारच्या वहिनींनी ते सैल केले. मजकूर यंत्र तरीही टाके सोडते असे पाहून रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका शेजाऱ्यांनी, म्हाताऱ्या स्प्रिंगा थकतात हे सत्य सांगितले. त्या क्षणी ते सत्याच्या इतके जवळ होते की त्यांनी तेथेच थांबावयास हवे होते. परंतु त्यांनी टेन्शनचीच स्प्रिंग काढून दोन्ही हातांनी ताणून लांब केली. ताणलेली स्प्रिंग चार दिवस तारुण्याचा आव आणते आणि पाचव्या दिवशी पूर्वीपेक्षाही अधिक थकून बसते, हा धातूचा स्वभाव आहे. निवृत्त मनुष्यांच्या सकाळच्या धावण्यातही तो कधी कधी प्रत्ययास येतो. शेवटी कोणीतरी पायाच्या दांडीला रबर बांधले. त्या रबराने मात्र थोडासा गुण आला, आणि गुण आल्यामुळेच दोष टेन्शनचा नसून दाबाचा आहे, ही गोष्ट त्या घरात प्रथमच उच्चारली गेली.

यानंतर प्रकरण आत्यांच्या नातवाकडे गेले. तो चाकणच्या एका कारखान्यात मालाची तपासणी करतो, आणि मायक्रॉनखाली कोणत्याही विषयावर बोलणे त्यास अप्रशस्त वाटते. त्याने मुंडीच्या तोंडावरची पट्टी उघडून आत विजेरी मारली, मोजपट्टीने तार मोजली, वेटोळी मोजली, आणि विचारले, “आजी, याचे ड्रॉइंग आहे का?” “आहे की,” आत्या म्हणाल्या, “बाजूने फुले काढली आहेत तेवढेच.” तेव्हा त्याने आम्हां सर्वांस समजावून दिले की स्प्रिंगचा ताठरपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढतो, वेटोळ्याच्या व्यासाच्या तिसऱ्या घाताप्रमाणे घटतो आणि वेढे वाढतील तसा कमी होतो, म्हणजे तार केवळ एक दशांश जाड घेतली तरी स्प्रिंग जवळजवळ दीडपट ताठर होते. हे शास्त्र अक्षरशः खरे आहे, आणि ते सांगून झाल्यावर त्याने जी स्प्रिंग कोठून तरी पैदा करून आणली, तिची तार एक दशांशाहून पुष्कळच जाड होती. माथ्यावरचे मळसूत्र न उघडता ती रबराच्या जागी अडकविल्यावर पाय उचलण्याचा खटका दोन बोटांनी उचलेना. आणि झबल्याच्या मलमलीवर दात्यांच्या दोन समांतर रांगा अशा स्पष्ट उमटल्या की पणतवंडाच्या आईने त्यास नक्षी समजून दाद दिली. ती स्प्रिंग अर्थातच काढून टाकावी लागली.

येथे या प्रदेशाविषयी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. पिंपरीपासून चाकणपर्यंत आणि चाकणपासून तळेगावपर्यंत जो मुलूख पसरला आहे, त्यात मोटारी, दुचाक्या, माती उकरणारी अवजड यंत्रे आणि त्यांना लागणारे लक्षावधी सुटे भाग रात्रंदिवस तयार होतात. दहा टनांच्या मालमोटारीला उचलून धरणाऱ्या स्प्रिंगा येथे ढिगाने मिळतील. परंतु एका वृद्धेच्या यंत्रातील पाय मलमलीवर हळुवार टेकविणारी दोन इंचांची स्प्रिंग हवी म्हटले की सारा मुलूख निरुत्तर होतो. नातवाने एका स्प्रिंगवाल्याकडे चौकशी केली. त्याने अत्यंत अदबीने सांगितले की नमुन्याबरहुकूम माल करून देऊ, मात्र मागणी किमान एक हजार नगांची असावी. उरलेल्या नऊशे नव्याण्णव स्प्रिंगांचे काय करावे, याचा कुटुंबात गंभीर विचार झाला, आणि रुखवतात एकेक मांडावी येथपर्यंत तो येऊन पोहोचला. जनरल मोटर्सने तळेगावी २००८ साली थाटात कारखाना उघडला आणि २०२० च्या अखेरीस तेथील उत्पादन थांबविले. पुढे ती वास्तू ह्युंदाईकडे गेली. एवढ्या घडामोडींत आत्यांचे यंत्र त्याच खिडकीशी, त्याच टेबलावर, टाके सोडीत का होईना, चालूच होते.

पुण्यास जाऊन पाहावे असेही सुचविले गेले. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात अखंड शिवणयंत्रे फाटक्या ताडपत्रीवर ओळीने बसलेली दिसतात, आणि बोहरी आळीत मळसूत्राच्या जातीची कोणतीही वस्तू मिळते अशी ख्याती आहे. परंतु जुन्या सिंगर यंत्रांच्या स्क्रूंचे आटे हे जगातील इतर कोणत्याही आट्यांशी सोयरीक न करणारे घराणे आहे, आणि त्यांच्या वळणावर बेतलेल्या यंत्रांतही त्याची छाया असते. दुकानातील स्क्रू डोळ्यांना जुळा वाटतो आणि दोन वेढे आत जाऊन तेथेच ठाण मांडतो. सबब पुण्याचा बेत रहित झाला.

शेवटी जे प्रथम करावयास हवे होते ते केले. यंत्राची मुंडी टेबलाच्या बिजागरीवरून उतरवून, चादरीत गुंडाळून, रिक्षात आत्यांच्या मांडीवर देऊन गावभागातील एका मिस्त्रींकडे नेण्यात आली. मिस्त्रींचे वय यंत्राएवढेच असावे. त्यांनी चादर उलगडली, चाक एकदा हाताने फिरविले, आणि विचारले, “टेन्शन कोणी फिरविले?” उपस्थितांपैकी कोणीही उत्तर दिले नाही. त्यांनीही आग्रह धरला नाही. बहुधा हा प्रश्न ते सर्वच गिऱ्हाइकांना विचारीत असावेत.

त्यानंतर जो पंचनामा झाला तो मी जवळून पाहिला. मिस्त्रींनी पाय खाली टाकला. पाय वर असता स्प्रिंग अधिक चेपलेली असते आणि मळसूत्र निघताच ती उसळून कपाटाखाली जाते, असे ते आत्यांना म्हणाले, आणि कपाटाखालून काढलेल्या स्प्रिंगांचा त्यांस मोठाच अनुभव दिसला. मग त्यांनी अंगठ्याने माथ्यावरचे मळसूत्र सोडविण्यास प्रारंभ केला. ते सुटेना. घासलेटाचे दोन थेंब सोडले, थोडा वेळ बिडी ओढली, पुन्हा प्रयत्न केला. तेव्हा ते कुरकुरत वर आले, आणि त्याच्या आट्यांना लागून एक तांबूस-काळा लगदा बाहेर निघाला. मिस्त्रींनी तो नखाने उकरून कागदावर घेतला आणि निरखून म्हणाले, “कुंकू.”

रहस्याचा उलगडा असा झाला. प्रतिवर्षी खंडेनवमीस आत्या यंत्राची यथासांग पूजा करतात, आणि देवतेच्या मस्तकी हळदकुंकू वाहावे या नियमास अनुसरून ते माथ्यावरच्या मळसूत्रावर वाहतात. मळसूत्राच्या मधोमध दांडीसाठी भोक असते. पूजेचा काही अंश दरसाल त्या भोकातून आत उतरे. त्यावर, यंत्र जड चालते म्हणून, मशीनच्या पातळ तेलाऐवजी देवघरालगतच्या शिशीतील खोबरेल सोडले जाई. आणि खोबरेल हे केसांस कितीही हितकारक असले तरी लोखंडात राहून चिकट होते, थंडीत तर थिजते. असे कित्येक दशकांचे हळद, कुंकू, खोबरेल आणि कापडाची कसर यांचे मिश्रण दांडीभोवती लिंपले जाऊन दांडी अर्ध्यावर अडकून बसली होती. लगद्यात अक्षतेचा एक अखंड दाणाही सापडला. स्प्रिंग थकली होती यात संशय नाही. परंतु ती तरुण असती तरी एवढ्या श्रद्धेपुढे तिचे काही चालले नसते.

दांडी, स्प्रिंग आणि तिच्याखालचा खोबणीतला ठोकळा घासलेटात बुडवून स्वच्छ झाल्यावर मिस्त्रींनी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढला. मेलेल्या यंत्रांच्या स्प्रिंगा त्यात एकत्र नांदत होत्या. तारेची जाडी, वेढे, चौथा घात यांपैकी कशाचीही वास्तपुस्त न करता ते एकेक स्प्रिंग अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये चेपून पाहू लागले. काही लगेच परत टाकल्या, एक कानाशी नेऊन दाबली, आणि तिसऱ्या-चौथ्या निवडीस थांबले. नातू मोजपट्टी घेऊन शेजारी उभा होता. त्याने विनंती करून ती स्प्रिंग मोजली, आकडा पाहिला, आणि मोजपट्टी खिशात ठेवली. निकाल काय लागला, ते त्याने आम्हांस आजतागायत सांगितलेले नाही.

दांडी परत बसविताना खरा कस लागतो, हे मला तेथे कळले. ती गोल असल्याने पाय कोणत्याही दिशेस तोंड करू शकतो; म्हणून तो दात्यांशी समांतर, सुई त्याच्या फटीच्या बरोबर मध्यात, आणि त्याची दोन्ही बोटे पत्र्यावर सारखी टेकलेली, अशा स्थितीत पकडून मगच ठोकळ्याचा स्क्रू आवळावा लागतो; आणि आवळताना तो हमखास केसभर फिरतो. मिस्त्रींनी हे करताना आत्यांशी पावसाविषयी बोलणे चालू ठेवले होते. नंतर त्यांनी सुईतून दोरा काढला, पायाखाली जुन्या पावतीचा कागद घातला आणि चाक फिरविले; कागदावर दात्यांच्या खुणा डावीकडे व उजवीकडे सारख्या उमटल्या. मग त्याच कागदाच्या दोन पट्ट्या एकमेकींवर ठेवून चालविल्या, आणि दोन्ही एकाच वेळी संपेपर्यंत मळसूत्र हळूहळू सैल केले. मला वाटले होते की ते आवळतील. परंतु त्यांचा दंडक असा दिसला की ज्या किमान दाबाने काम भागते तोच योग्य, त्याहून अधिक दाब म्हणजे कापडावर आकस.

“झबल्याला एवढाच ठेवा,” ते आत्यांना म्हणाले, “गोधडी घेतली की दोन फेरे खाली उतरवा, आणि झाली की परत वर आणा.”

“म्हणजे दर वेळी फिरवायचे?”

“दर वेळी, आजी.”

आत्यांच्या मुद्रेवर मला जो भाव दिसला तो, आपल्या देवघरातील मूर्तीस हातपाय हलविता येतात असे ऐकल्यावर एखाद्या भाविकाच्या मुद्रेवर यावा तसा होता. त्यांनी मळसूत्र स्वतः दोन फेरे खाली नेले, दोन फेरे वर आणले, आणि ‘बरं’ एवढेच म्हणाल्या.

हिशेबाच्या वेळी मात्र त्या मूळपदावर आल्या. मिस्त्रींनी त्यांची जुनी स्प्रिंग पुसून डब्यात टाकली, हे त्यांच्या नजरेतून सुटले नव्हते. ती आमची आहे, परत द्या, असे त्या म्हणाल्या. मिस्त्रींनी सांगितले की गावात एक बाई नुसती झबली-टोपडीच शिवतात, त्यांच्या यंत्राचा पाय फार जोर करतो, तेथे ही मऊ झालेली स्प्रिंग अगदी बेताची बसेल. “म्हणजे ती वाईट झालेली नाही,” आत्या म्हणाल्या, “मग तिचे पैसे वजा करा.” मिस्त्रींनी बिडी विझविली, डब्याकडे पाहिले, यंत्राकडे पाहिले, आणि वीस रुपये वजा केले. त्या वीस रुपयांत आत्यांनी त्यांच्याचकडून मशीनच्या तेलाची कुपी मागितली. तिची किंमत पंचवीस असल्यामुळे वरचे पाच कोणी सोसावेत, याविषयीची वाटाघाट बाहेर रिक्षावाल्याने तिसऱ्यांदा भोंगा वाजवीपर्यंत चालली होती.